ओढाळ

"ओढ लई चांगली बगा, विद्याबाई. पण ओढीचाच देव करू नका."

हा आवाज विद्याने ऐकला तेव्हा ती कॉलेजात होती, आणि ऐकून हसली होती. फादर केर्न मूळचे जर्मन, पण मराठी त्यांनी नगरकडच्या खेड्यांत राहून उचललेली. पुण्याच्या वर्गात ते शिकवायला उभे राहिले, की व्याकरण जर्मनचं आणि 'बगा', 'व्हय', 'तसं न्हाई' मात्र बाजारच्या दिवसाचं. मुली ओढणीआड हसायच्या. पुढे हसणं विरून गेलं, आवाज राहिला. आता सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या चौदाव्या मजल्यावर, सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत, तो असा यायचा की जणू शेजारच्या खोलीत कुणी चष्मा पुसत बोलतंय.

खिडक्या लावलेल्या, कारण बाहेर हेझ होता. दोन हजार पंधराचा तो सप्टेंबर. समुद्रापलीकडे सुमात्रात कुठेतरी रानं जळत होती आणि त्यांचा धूर इथे येऊन उतरला होता. समोरचे ब्लॉक अर्धे पुसल्यासारखे दिसत. चांगीला उतरणारं विमान दिसायचं नाही, नुसती घरघर डोक्यावरून निघून जायची, आणि कुणी आलं की कुणी गेलं ते कळायचं नाही. लांबून पाहिलं तर धुकंच. विद्याला ते बघत बसावंसं वाटे. मग घसा खवखवायचा, खोकला यायचा, आणि ती पुन्हा टेबलाकडे वळायची.

टेबलावर फादरांचा निबंध होता. फादर आदल्या वर्षी वारले. त्यांचे जर्मन निबंध मराठीत आणायचं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं. वर्गातल्या साधनाने पुण्याहून कामं वाटून दिली, आणि विद्याच्या वाट्याला रोमँटिक कवींवरचा निबंध आला. रोमँटिक म्हणजे सिनेमातलं नव्हे. दोनशे वर्षांपूर्वीचे ते जर्मन कवी: त्यांना रात्र हवी, पडकं देऊळ हवं, दरीपलीकडची घंटा हवी, आणि कशाची कोण जाणे पण अखंड ओढ हवी. फादर पडले धर्मगुरू. त्यांनी निबंधात त्या कवींना जणू बोलावून देवळाच्या पायरीवर उभं केलं होतं आणि शांतपणे जाब विचारला होता.

"ह्यांना घंटा आवडते, पण दरीपलीकडून," फादर वर्गात म्हणायचे. "देवळात शिरलं की गुडघं टेकावं लागतात, आन् फरशी गार असती. देव जर ह्यांच्या दारात येऊन म्हणाला, 'बाबा, भूक लागली, वाढ', तर हे म्हणतील, 'जरा तिकडं टेकडीवर उभा रहा देवा, तिथनं तू बरा दिसतोस.'"

वर्ग हसायचा. आणि गंमत अशी की त्याच कविता वाचताना फादरांचा आवाज भरून यायचा. एकदा तर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले होते, वर्गाकडे पाठ करून, बराच वेळ.

तर सगळा निबंध एका शब्दावर उभा होता. झेनझुख्त. जर्मन भाषेतला हा शब्द म्हणजे ओढ, हुरहूर, जीव कुठेतरी लागून राहणं. पण त्याच्या पोटात दुसरा शब्द दडलेला आहे, झुख्त, म्हणजे व्यसन. आणि त्याच्याही खाली जुना अर्थ, दुखणं. फादरांचं म्हणणं तिथेच होतं. अर्धा शब्द प्रेमाचा, अर्धा आजाराचा. मराठीत काय म्हणायचं? विद्याने दोन दिवस विचार केला, आणि मग अगदी सहज, जशी भरलेल्या घागरीतून पाण्याची धार सांडते तसा, शब्द आला: विरह. तो तिने निबंधभर घातला. निबंध असा वाहायला लागला की वाचताना तिचेच डोळे ओले झाले.

*

विद्याचा नवरा रघुवीर सध्या घरी होता. तो जहाजावर चीफ इंजिनिअर. चार-चार, सहा-सहा महिने पाण्यावर, मग दोन-तीन महिने घरी. लग्न झालं तेव्हापासून असंच. मैत्रेयी झाली तेव्हा तो पनामाजवळ होता, तिचे दात पडले तेव्हा डर्बनला. आता एका जहाज कंपनीने त्याला किनाऱ्यावरची नोकरी देऊ केली होती. हार्बरफ्रंटला ऑफिस, सकाळी एमआरटीने, इथल्या मेट्रोने, जायचं, संध्याकाळी घरी जेवायला यायचं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. नाही म्हटलं तर जुन्या कंपनीचं जहाज पुढच्या आठवड्यात तयारच होतं.

"काय सांगू?" त्याने विचारलं होतं.

"तुला वाटेल तसं," विद्या म्हणाली होती.

हे ती नेहमीच म्हणायची. सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. किती समजूतदार, कधी अडवलं नाही, कधी रडून घर डोक्यावर घेतलं नाही. बोटीवरच्या माणसाची बायको असावी तर अशी.

तो पाण्यावर असला की तिला ओव्या सुचत. जर्मन शिकण्याच्या कितीतरी आधी ती ओवी शिकली होती, आईच्या तोंडून, भाकरीच्या थापेवर. इथे भाकरी क्वचितच होई, पण भांडी विसळताना, इस्त्री करताना, दोन-दोन ओळी आपोआप जुळून येत, आणि ती त्या फोनवर लिहून जहाजाकडे पाठवून देई.

*दूरच्या बंदराला*
*दिवा कुणी गं लाविला*
*सखा तिथं विसावला*
*उजेड इथं*

किंवा,

*पाण्यानं पाणी पुशिलं*
*घर कुणाचं मागं राहिलं*
*सख्यानं नाव सांगितलं*
*माझं बाई*

जहाजावर सिग्नल मिळेल तेव्हा रघुवीर त्या वाचायचा आणि एक अंगठा पाठवायचा. सुट्टीत घरी आला की चिडवायचा. "तुझ्या ओवीतला हा सखा कोण आहे गं? मला एकदा भेटायचंय त्याला. माणूस बरा दिसतो."

"तूच की."

"मी? मी कधी विसावलो? मी बॉयलरशी भांडत होतो."

तो घरी असला की ओवी यायची नाही. विद्याने या खेपेला मुद्दाम प्रयत्न करून पाहिला होता. सखा माझा घरी आला, इथपर्यंत आली, आणि पुढचा चरण आपोआप आला: ओला टॉवेल गादीवर टाकला. तिला हसू आलं. हसू ओसरल्यावर मात्र ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, टॉवेल हातात घेऊन. तो तिथेच सोफ्यावर होता, मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत, पायाची बोटं हलवत. चांगला माणूस होता. घसा खाकरायची त्याची एक तऱ्हा होती, ती तिला सहा महिने आठवत नसे आणि मग एका सकाळी असह्य होई. तिला वाटलं, हा माणूस जाईल तेव्हा मला याची किती आठवण येईल. आणि त्या विचाराने तिला बरं वाटलं. बरं का वाटलं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

*

साधनाचा फोन शुक्रवारी आला.

"विद्ये, वाचला गं निबंध. सलग दोनदा वाचला. अगं, मला माहीतच नव्हतं फादर शेवटी शेवटी आपल्या संतांच्या इतके जवळ गेले होते. विरहिणीचं काय वर्णन केलंय. मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी हात जोडले."

"हात जोडले?"

"मग काय. विरहातच देव भेटतो, हेच म्हणतायत ना फादर? त्या जर्मन कवींची केवढी स्तुती केलीये."

साधना पुढे छपाईचं, मुखपृष्ठाचं बोलत राहिली. फोन ठेवल्यावर विद्याने निबंध पहिल्यापासून वाचला, मूळ जर्मन बाजूला ठेवून, नुसती आपली मराठी.

साधनाचं चुकलं नव्हतं. फादरांनी ज्यांना जाब विचारला होता, ते विद्याच्या मराठीत पायरी चढून थेट गाभाऱ्यात जाऊन बसले होते. एकच शब्द बदलला आणि आरोपाची आरती झाली. कारण मराठीत विरहाला कुणी दोष देत नाही. आपल्याकडे विरहिणी म्हणजे आधीच अर्धी संत. ती रडली की ऐकणारे डोळे मिटतात. तिला कुणी विचारत नाही, की बाई, तो दारात आला तर तू कडी काढशील ना? संतांच्या विरहाला ते विचारायची गरजही नाही. त्यांना देव हवाच होता, घरात, शेजारी, कामाला हात लावणारा. पण या कवींचं तसं नव्हतं, आणि हे फादरांनी किती परोपरीने सांगितलं होतं.

ही चूक भाषेची आहे, असं ती स्वतःला म्हणाली. मग खिडकीपाशी गेली. समोरचा ब्लॉक आज पूर्ण नाहीसा झाला होता. फक्त कुणाच्या तरी बाल्कनीतला लाल दिवा धुरात लोंबकळत होता, इतका सुंदर, की बघत राहावं. आणि तिला कळलं, की शब्द तिला सुचला नव्हता. तिने तो निवडला होता. त्या पायरीवर कवींच्या रांगेत आणखी कुणीतरी उभं होतं, आणि त्या बाईला तिने त्या शब्दाच्या पदराखाली झाकून आत नेलं होतं.

शनिवारी ती सकाळपासून शब्द शोधत बसली. हुरहूर मऊ पडत होती. ध्यास फार कष्टाळू. व्यसन म्हटलं तर दारूचा वास यायला लागला.

"रघू," तिने स्वयंपाकघरातून विचारलं. तो बाहेरच्या खोलीत पंखा उघडून पाती पुसत होता. "घरी गोठ्यात चारा असतो, तरी दुसऱ्याच्या शेताकडे मान ताणत पळणारं जनावर असतं, त्याला काय म्हणतात?"

"ओढाळ," तो लगेच म्हणाला. "आमच्या देवगडला होती एक गाय. गव्हाणीत हिरवा चारा टाका, तोंड लावायची नाही. कुंपणापलीकडचं वाळकं गवत मात्र गोड. आजोबांनी शेवटी गळ्यात लोढणं बांधलं."

ओढाळ. ओढीतूनच निघालेला, पण गोठ्यातला, शेणाचा वास असलेला शब्द. याला कुणी हात जोडणार नव्हतं. विद्याने जागेवरच लिहायला घेतलं. ओढाळपण. वाक्यं खडबडीत झाली, पाय रोवून उभी राहिली. 'या कवींना ईश्वर नको होता, ईश्वराचं अंतर हवं होतं. हे प्रेम नव्हे, हे ओढाळपण.' फादर हसले असते. व्हय, बगा, असंच.

दुपारी ती पाणी प्यायला उठली तेव्हा रघुवीर टेबलापाशी उभा राहून ते पान वाचत होता. हाताला पंख्याची धूळ, म्हणून हात मागे बांधलेले.

"छान झालंय," तो म्हणाला. आणि पंखा न जोडताच आंघोळीला गेला.

जेवताना तो गप्प होता. मैत्रेयीने एकदा बापाकडे, एकदा आईकडे पाहिलं. पंधरा वर्षांची ती मुलगी इथल्याच शाळेत वाढलेली, इंग्रजीही इथलंच, शेवटी 'लाह' लावणारं.

"व्हाय सो क्वाएट? समवन डाइड, इज इट?"

"मराठीत बोल," दोघं एकदम म्हणाले.

"ओके, ओके. बाबा जॉब घेणार की नाही? कारण मला फ्रेंड्सना सांगायचंय. आणि आई, तू पण काहीतरी सांग ना. ऑलवेज 'तुला वाटेल तसं, तुला वाटेल तसं'. दॅट्स नॉट ॲन आन्सर, लाह."

"भात घे अजून," विद्या म्हणाली.

"सी?" मैत्रेयी बापाला म्हणाली.

*

रात्री वारा फिरला, आणि रविवारी सकाळी हवा उघडली. धूर पूर्ण गेला नव्हता, पण समोरच्या ब्लॉकवर पुन्हा खिडक्या उमटल्या होत्या. "उबीनला जाऊ या," रघुवीर म्हणाला. मैत्रेयीला ट्यूशन होती. दोघंच निघाले, बसने चांगी व्हिलेजला, तिथून बंबोटीने, छोट्या लाकडी मोटरबोटीने, पलीकडच्या बेटावर.

पुलाउ उबीनला येऊन त्यांना वर्षं झाली होती. भाड्याच्या सायकली, ब्रेक लावला की किंचाळणाऱ्या. रबराची जुनी झाडं, पत्र्याच्या छपराची खांबांवरची घरं, दारात कोंबड्या, एका अंगणात वाळत घातलेला फुलाफुलांचा सारोंग. हलका धूर झाडांच्या मधे राहिला होता, त्यातून ऊन गाळून येत होतं, आणि रघुवीर पुढे सायकल चालवत होता. त्याची पाठ त्या उन्हात शिरायची, पुसट व्हायची, वळणावर दिसेनाशी व्हायची. विद्याच्या ओठांवर दोन शब्द जुळायला लागले. ती पाठ जरा लांब गेली की लगेच, अगदी लगेच, ओवी यायला लागली. तेवढ्यात तो थांबला, मागे वळून म्हणाला, "चेन पडली वाटतं माझी," आणि ओवी गेली.

तिने सायकल उभी केली. तो गुडघ्यावर बसून चेन चढवत होता, टक्कल पडू लागलेल्या जागी घामाचे थेंब, तोंडाने काहीतरी पुटपुटत. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. जवळून. तिला आठवेना, की आपण याला असं शेवटचं कधी पाहिलं.

दुपारी ते जेट्टीवर परत आले. बंबोट बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. आत्ता दोघंच होते, आणि एक चिनी म्हातारी शहाळी घेऊन बसलेली. बोटवाला अंकल दोरखंडावर पाय टाकून डुलकी घेत होता. पाणी खांबांना हळूहळू चाटत होतं. पलीकडचा सिंगापूरचा किनारा करड्या हवेत तरंगल्यासारखा दिसत होता, आणि त्याच्याही पुढे, कुठल्या तरी मोठ्या जहाजाचा नुसता आकार.

"उद्या सांगायचंय," रघुवीर म्हणाला.

"हो."

"मी नाही म्हणून सांगणार आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो त्या जहाजाकडे बघत होता.

"का?"

"काल वाचलं मी. ओढाळ. कळलं मला. घरी चारा असून कुंपणापलीकडे." तो हसला, पण हसू नीट जमलं नाही. "चिडलो नाही हं. खरंच आहे. वीस वर्षं घरात पाय ठरला नाही माझा. आता एकदम येऊन रोज रात्री समोर बसलो तर तुला काय, लोढणंच होईल."

"तो शब्द तुझ्यासाठी नव्हता."

"मग काय त्या जर्मन लोकांसाठी?"

"हो. आणि..." ती थांबली.

"असू दे." त्याने तळहातावरचं चेनचं काळं ग्रीस रुमालाला पुसलं. "एक सांगू? एअरपोर्टवर मला सोडायला येतेस ना, तेव्हा तुझा चेहरा इतका सुंदर असतो, की मी विमानात बसून तोच बघत राहतो. आणि परत येतो तेव्हा तो चेहरा घरात शोधतो. दोन दिवस असतो. मग नसतो. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. मग मी विचार केला, ती जेव्हा सुखी दिसते, तेव्हा आपण जिथे असतो, तिथेच असावं. म्हणजे जहाजावर."

एक मलाय कुटुंब जेट्टीवर आलं, मुलं, डबे, एक गुंडाळलेली चटई. अंकलने एक डोळा उघडून त्यांना मोजलं आणि मिटला. अजून माणसं हवी होती.

विद्याला वाटलं, आत्ता 'तुला वाटेल तसं' म्हणायचं. जिभेवरच होतं. म्हटलं की पुढच्या आठवड्यात बॅगा, एअरपोर्ट, तो सुंदर चेहरा. घर रिकामं होईल आणि ओव्यांनी भरेल. सगळे म्हणतील, किती समजूतदार. आणि शेजारी बसलेला हा माणूस जाऊन त्याची एक छान, लांबची, पुसट आकृती राहील, टेकडीवर उभी केलेली.

"रघू, ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर मी गप्प बसेन."

"बरं."

"तू नसतोस तेव्हा मी ज्याची वाट बघते ना, तो तू नसतोस."

तो तिच्याकडे वळला.

"म्हणजे नाव तुझंच. पण तो मी रचलेला आहे. तो घसा खाकरत नाही. त्याला बॉयलर नाही, गुडघेदुखी नाही. तो फक्त लांब असतो आणि चांगला असतो. मला त्याची सवय लागलीये. तू घरी आलास की दोन दिवस मी तुझ्यात त्याला शोधते, आणि मग मला तुझा राग येतो, की तू तो नाहीस. तुझं काही चुकत नाही. कधीच चुकलं नाही."

"हे कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू म्हणाला असतास, मग मी जहाजावरच बरा."

रघुवीरने मान खाली घातली. फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी दिसत होतं. "मी आत्ताही तेच म्हणत होतो," तो म्हणाला.

"माहितेय. म्हणून घाबरलेय."

आणखी माणसं आली, सायकली परत करून, लाल चेहऱ्यांची. अंकल उठला, दोर सोडायला लागला, हाताने 'चला, चला' केलं. शहाळीवाली म्हातारी पिशवी उचलून आधी बोटीत उतरली. रघुवीर उठला नाही.

"मला तुझी वाट बघता येते," विद्या म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू विचारावं तसा. "तुझ्याबरोबर राहता येतं की नाही, ते मला माहीत नाही. कधी पुरतं राहिलेच नाही. कदाचित नाही जमणार. कदाचित तुला माझा कंटाळा येईल, मला तुझा येईल. पण तुला वाटेल तसं, असं मी आता म्हणणार नाही. मला वाटतं ते सांगते. जाऊ नकोस, रघू. घरी राहा."